धुराची वाट

मार्गशीर्ष सरून पौष लागला, की माळव्यातल्या आणि विशेषतः ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांचा दिनक्रम बदलतो. ग्वाल्हेरला जानेवारीतल्या काही रात्री पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. पुण्यामुंबईहून आलेला पाहुणा रजईतून हात बाहेर काढायला तयार नसतो. माळ्यावरची शेगडी खाली येते, कोळशाचे पोते दाराशी येऊन पडते आणि संध्याकाळी सारे घर एका खोलीत गोळा होते. छावण्यांतल्या जुन्या बंगल्यांतून आणि कोठ्यांतून भिंतीतले ते आगीचे कोनाडे, ज्याला आता सर्वत्र फायरप्लेस म्हणतात, वर्षानुवर्षे फळी ठोकून बंद केलेले असते. तेही हौसेने पुन्हा उघडले जाते. अलीकडे नव्या घरांच्या नकाशातही त्याला मानाची जागा मिळू लागली आहे.

आगीच्या उबेविषयी वाचकांना काही सांगावे असे आम्हांस वाटत नाही. ती सर्वांच्या परिचयाची आहे. या महिन्यात आम्ही लिहिणार आहोत ते आगीच्या दोन वाटांविषयी. पहिली वाट धुराला बाहेर जाण्याची आणि दुसरी हवेला आत येण्याची. या दोन्ही वाटा मोकळ्या असतील, तरच घरात आग ठेवावी. एकही बंद असेल, तर ठेवू नये. एवढाच या लेखाचा मथितार्थ आहे. मात्र तो न पाळल्यामुळे दर हिवाळ्यात उत्तर हिंदुस्थानात कुठे ना कुठे बंद खोलीत झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, ही बातमी आपण वाचतो आणि पान उलटतो. म्हणून हा विषय थोडा विस्ताराने मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

बंबाने शिकवलेला धडा

धूर वर का जातो, हे समजण्यासाठी आपल्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवावा. बंबाच्या पोटातून एक उभी नळी जाते, तिच्या तळाशी जाळी असते आणि नळीच्या सभोवती पाणी. नळीत चिपाडे, लाकडाचे तुकडे किंवा कोळसे टाकून पेटवले, की प्रथम थोडा धूर इकडेतिकडे पसरतो. नळी एकदा तापली, की आग आपोआप सूं सूं करीत भडकू लागते. तिला फुंकणी लागत नाही. याचे कारण असे, की तापलेली हवा प्रसरण पावून हलकी होते आणि नळीतून वर चढते. तिची जागा घ्यायला खालच्या जाळीतून थंड हवा आत ओढली जाते. ही ओढ म्हणजेच आगीचा श्वास. जाळीखालची राख साचून वाट बुजली, की बंब धुमसू लागतो. घरातली जाणती बाई मग लाकूड वाढवीत नाही, आधी राख ओढते. धुराड्याचे सारे शास्त्र या एका कृतीत आलेले आहे.

ही ओढ किती जोराची असते? पुष्कळांची समजूत अशी, की धूर मोठ्या शक्तीने वर जातो. वस्तुतः ती ओढ फार नाजूक असते. वीस फूट उंचीचे धुराडे घ्या. आतल्या धुराचे सरासरी तापमान १५० अंश सेल्सियस आणि बाहेरच्या हवेचे १० अंश धरले, तर दोहोंच्या वजनातील फरकाने निर्माण होणारा दाब जेमतेम अडीच मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या थराइतका भरतो. बशीत सांडलेल्या चहाइतका! धुराडे जितके उंच आणि आतून जितके गरम, तितकी ओढ अधिक. ते जितके बुटके आणि गार, तितकी कमी. एवढ्याशा ओढीवर घराची सुरक्षितता अवलंबून असल्यामुळे तिच्या आड येणारी लहानसहान गोष्टही दुर्लक्षून चालत नाही.

फायरप्लेसची मापे

भिंतीतल्या आगीचा शास्त्रशुद्ध विचार करणाऱ्यांत काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाचे नाव प्रथम घ्यावे लागते. १७५३ मध्ये अमेरिकेत जन्मलेल्या आणि पुढे युरोपात कीर्ती मिळवलेल्या या गृहस्थाने १७९६ मध्ये धुराड्यांच्या शेकोट्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्या काळच्या इंग्लंडमध्ये या शेकोट्या खोल, मोठ्या आणि धुरकट असत. उष्णता धुराड्यातून निघून जाई आणि धूर मात्र दिवाणखान्यात राही. रम्फर्डने कोनाडा उथळ केला, बाजूच्या भिंती तिरप्या केल्या, मागची भिंत तोंडाच्या रुंदीच्या सुमारे एक-तृतीयांश ठेवली आणि धूर जिथून वर शिरतो तो गळा सुमारे चार इंचांवर आणला. गळा अरुंद झाल्यामुळे खोलीतली हवा विनाकारण वर जाईनाशी झाली आणि धूर वेगाने वर जाऊ लागला. आज ज्यांना नवी फायरप्लेस बांधायची आहे, त्यांनी मिस्त्रीला केवळ चित्र दाखवू नये, मापे सांगावीत.

त्यांतले पहिले माप तोंड आणि नळी यांच्या प्रमाणाचे. धुराड्याच्या नळीचे आतले क्षेत्रफळ कोनाड्याच्या तोंडाच्या क्षेत्रफळाच्या सुमारे एक-दशांश असावे. तोंड ३६ इंच रुंद आणि ३० इंच उंच असेल, तर त्याचे क्षेत्रफळ १०८० चौरस इंच झाले. नळी १०८ चौरस इंच, म्हणजे आतून सुमारे साडेदहा इंच चौरस हवी. दिवाणखान्याला शोभेल म्हणून तोंड भव्य करायचे आणि भिंतीत मावेल म्हणून सहा इंची नळी घालायची, हा प्रकार हमखास धूर कोंडणारा आहे. जुन्या फायरप्लेसमध्ये हा दोष आढळला, तर तोंडाच्या वरच्या कडेला पत्र्याची किंवा दगडाची पट्टी बसवून तोंड लहान करणे हा सोपा उपाय आहे.

दुसरे माप उंचीचे. आगीच्या तळापासून धुराड्याच्या टोकापर्यंत किमान पंधरा फूट उंची असावी. छपरातून ते जिथे बाहेर पडते तिथून टोक निदान ३ फूट वर हवे आणि आजूबाजूच्या १० फुटांच्या आत जे काही उंच असेल, त्याहून २ फूट वर हवे. आपल्या घरांच्या गच्चीवर हा नियम फार मोडला जातो. जिन्याची खोली, पाण्याची टाकी, शेजाऱ्यांनी चढवलेला मजला, यांच्या आडोशाला बुटके धुराडे उभे असले, की त्या उंच भिंतीवर आदळलेला वारा खाली वळतो आणि धुरासकट दिवाणखान्यात उतरतो. 'वारा पश्चिमेचा असला, की आमच्याकडे धूर होतो' अशी तक्रार असलेल्यांनी प्रथम गच्चीवर जाऊन पश्चिमेला काय उभे आहे ते पाहावे.

तिसरी गोष्ट मापाची नव्हे, नियमाची. एका आगीला एकच नळी. खालच्या मजल्याची आणि वरच्या मजल्याची फायरप्लेस एकाच नळीत सोडली, तर खालचा धूर वरच्या निजायच्या खोलीत केव्हा शिरेल याचा नेम नाही.

घर श्वास घेते काय?

येथवर धुराच्या बाहेर जाण्याचा विचार झाला. हवेच्या आत येण्याचा विचार मात्र सहसा कोणीच करीत नाही, कारण पूर्वी तो करावा लागत नसे. इंदूरच्या जुन्या वाड्यांवर कौले होती; कौलांच्या फटींतून धूर निघे आणि दाराच्या फटींतून वारा येई. ग्वाल्हेरच्या दगडी घरांना उंच छताखाली रोशनदाने होती. घर जणू स्वतःच श्वास घेत असे. आता वर सिमेंटची स्लॅब आहे, खिडक्यांना घट्ट सरकणाऱ्या काचा आहेत आणि दाराच्या खालची फटसुद्धा धूळ येते म्हणून रबराची पट्टी लावून बुजवलेली आहे. आगीची जुनी सवय आपण नव्या घरात आणली. कौले आणि रोशनदाने मात्र मागे राहिली. आजच्या बहुतेक अपघातांचे मूळ आमच्या मते येथे आहे.

त्यात स्वयंपाकघरातल्या विजेच्या चिमणीची भर पडली आहे. ताशी हजार घनमीटर हवा ओढून घेणारी यंत्रे आज सर्रास मिळतात. बारा फूट लांब, बारा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत सुमारे ४१ घनमीटर हवा मावते. म्हणजे ते यंत्र अशा खोलीतली हवा तासाभरात वीसहून अधिक वेळा बाहेर फेकू शकते. घर बंद असताना ही हवा कोठून येणार? जिथून वाट सापडेल तिथून, आणि सर्वांत मोकळी वाट असते ती फायरप्लेसच्या धुराड्याची. अडीच मिलिमीटरची ती नाजूक ओढ पंख्यापुढे टिकत नाही. धूर उलटा फिरून खाली येतो. म्हणून दिवाणखान्यात आग असेल, तेव्हा स्वयंपाकघराचा आणि न्हाणीघराचा पंखा बंद ठेवावा आणि आगीच्या खोलीतली एक खिडकी थोडी उघडी असावी. थंडी येते खरी. पण त्या फटीतून येणारी हवाच आगीला जाळते आणि आपल्याला जगवते.

याची परीक्षा सोपी आहे. आग पेटवण्यापूर्वी कोनाड्याच्या तोंडाशी एक उदबत्ती धरावी. तिचा धूर आत ओढला जाऊन वर गेला, तर वाट मोकळी आहे. नंतर दारे-खिडक्या लावून आणि पंखा सुरू करून पुन्हा उदबत्ती धरावी. धूर खोलीकडे वळला, तर त्या स्थितीत आग पेटवू नये. धुराडे फार गार असले, तर पहिल्या परीक्षेतही धूर रेंगाळतो. अशा वेळी वर्तमानपत्राची एक सुरळी पेटवून गळ्यापाशी धरली, की नळी तापते आणि ओढ सुरू होते.

निगा

वर्षातून एकदा, थंडीच्या आरंभी, धुराडे झाडून घ्यावे. आठ-नऊ महिने बंद असलेल्या नळीत कबुतरांची घरटी, पालापाचोळा आणि पडलेल्या विटांचे तुकडे साचतात. वर जाड जाळी बसवल्यास पाखरांचा उपद्रव टळतो. काजळी हा त्याहून गंभीर विषय. ओले लाकूड धुमसले, की त्याच्या धुरातला डांबरासारखा चिकट अंश गार नळीच्या आत थापून बसतो. हा थर ज्वलनशील असतो. एखाद्या दिवशी ठिणगी वर गेली, की आग कोनाड्यात न राहता धुराड्यातच लागते आणि तडकलेल्या विटांतून छपराच्या लाकडापर्यंत पोहोचते. म्हणून लाकूड निदान एक पावसाळा छपराखाली वाळवलेले असावे. वाळलेले लाकूड एकमेकांवर आपटले, की टणक वाजते. ओल्याचा आवाज बद्द येतो. रंग दिलेले लाकूड, प्लायवुडचे तुकडे आणि प्लॅस्टिक आगीत कधीही टाकू नये.

नळीत झडप बसवलेली असेल, तर निखारे पूर्ण विझेपर्यंत ती लावू नये. ऊब वर जाऊ नये म्हणून रात्री निजताना झडप लावण्याचा मोह होतो. ज्वाळा विझल्या, धूर दिसेनासा झाला, आता काय होणार, असे वाटते. खरा धोका त्याच क्षणी सुरू होतो.

जो दिसत नाही तो वायू

लाकूड किंवा कोळसा पुरेशा हवेत जळला, तर त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. हवा अपुरी पडली, की कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० ते २५० पट अधिक घट्ट चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. धुराने माणूस खोकून जागा होतो. या वायूने तो अधिक गाढ झोपतो.

आपल्याकडे एक समज फार दृढ आहे, की कोळसे लालबुंद झाले आणि धूर संपला, की शेगडी आत आणायला हरकत नाही. हा समज प्राणघातक आहे. लाल निखाऱ्यांतूनही हा वायू निघतच असतो. शेगडीला धुराडे नसते. ती जे सोडते ते सगळे खोलीतच राहते. म्हणून फायरप्लेसबाबत आम्ही मापे आणि नियम सांगितले, परंतु शेगडीबाबत एकच सांगतो. जागेपणी, दार-खिडकी उघडी ठेवून, उघड्या पडवीत किंवा अंगणात ती खुशाल शेकावी. बंद खोलीत ती ठेवून कोणीही निजू नये. राख पसरून झाकलेल्या निखाऱ्यांनाही हेच लागू आहे.

येथे एका नाजूक विषयाला स्पर्श केल्यावाचून राहवत नाही. बाळंतिणीला शेक देण्याची चाल आपल्या घराघरांत आहे. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, तीवर ओवा आणि वावडिंगाची धुरी, वारा लागू नये म्हणून लावून घेतलेली दारे आणि खिडक्यांवर टाकलेल्या चादरी. यामागची माया कोण नाकारील? ज्या आजीबाईंनी आपल्याला वाढवले, त्यांनीच ही चाल जपली. परंतु त्यांची बाळंतिणीची खोली कौलाखालची होती. आजची खोली सदनिकेतली, बंद काचांची. तिच्यात सर्वांत खाली शेगडी, तिच्यावर नुकतीच बाळंत झालेली मुलगी आणि तिच्या कुशीत चार दिवसांचे मूल. तान्ह्या मुलांना हा वायू मोठ्या माणसांपेक्षा लवकर बाधतो आणि मूल सांगू शकत नाही. शेक द्यायचाच असेल, तर गरम पाण्याच्या पिशवीने द्यावा, अंग ऊन कपड्यांत लपेटावे. निखारे मात्र त्या खोलीत नकोत. घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांनीच हा निर्णय घेतला, तर सुनेला किंवा लेकीला तो बोलून दाखवण्याचा संकोच उरणार नाही.

लक्षणे आणि उपाय

प्रथम डोके जड होते, मळमळते, चक्कर येते, पाय लटपटतात. पुष्कळदा हे अपचन किंवा सर्दी-तापाचे लक्षण समजले जाते. खोलीतल्या दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले आणि बाहेर जाताच बरे वाटले, तर दुसरा विचार करू नये. दारे-खिडक्या सताड उघडाव्यात, माणसांना मोकळ्या हवेत न्यावे, विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि खोलीत शेगडी होती हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. रुग्णालयात शुद्ध प्राणवायू दिल्याने हा वायू रक्तातून पुष्कळच लवकर निघतो. एक सावधगिरीची सूचना: २०२० नंतर घरोघर आलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर या विषबाधेत फसवते, ते हिमोग्लोबिनला चिकटलेला हा वायूही प्राणवायू म्हणूनच मोजते. आकडा ९८ दिसला म्हणून निश्चिंत राहू नये. या वायूची सूचना देणारे छोटे यंत्र आता विकत मिळते. फायरप्लेस असलेल्या घराने ते निजायच्या खोलीजवळ जरूर लावावे.

हाच न्याय न्हाणीघरातल्या गॅसच्या गीझरला. बंब गेला आणि त्याच्या जागी भिंतीवरची पेटी आली, तरी आत आगच आहे. लहान, बंद न्हाणीघरात ती जळत राहिली, की हवेतला प्राणवायू घटतो, ज्वाला अपुरी जळू लागते आणि विषारी वायू वाढतो. गीझर न्हाणीघराच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवावा आणि नळाने पाणी आत घ्यावे, हे उत्तम. ते शक्य नसेल, तर त्याचा धूर नळीने थेट बाहेर सोडावा, खाली-वर हवेच्या जाळ्या ठेवाव्यात, आधी बादली भरून घ्यावी आणि गीझर बंद करून मगच स्नानाला बसावे.

धुराला वाट देण्याचा विचार आपल्या देशात नवा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीतून धुराडे असलेली मगन चूल पुढे आली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. एस. पी. राजू यांनी १९५०च्या दशकात धूररहित स्वयंपाकघराचा ध्यास घेतला. १९८०च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि तो २००२ पर्यंत चालला. त्या प्रयत्नांतून एक शहाणपण हाती आले: चूल बसवून भागत नाही. नळी काजळीने बुजली आणि ती झाडणारे कोणी नसले, की सुधारलेली चूलही जुन्यासारखीच धुरकट होते आणि लोक तिला टाकून देतात.

संक्रांत तोंडावर आली आहे. तिळाचे हलवे करायला बसण्यापूर्वी एका दुपारी घरातल्या कर्त्या माणसांनी गच्चीवर जाऊन धुराड्याचे टोक पाहावे, खाली येऊन उदबत्तीची परीक्षा करावी, निजायच्या खोलीतली शेगडी पडवीत न्यावी आणि न्हाणीघराची बुजवलेली जाळी मोकळी करावी. या साऱ्याला अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ लागत नाही आणि खर्च तर जवळजवळ नाहीच.